पक्षाचा निःपक्षपाती इतिहास

२ मार्च, सकाळी ६
आजपासून शिस्त. पक्षाच्या चाळीस वर्षांचा इतिहास लिहायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. वरिष्ठ सभागृहाची एक जागा एप्रिलमध्ये रिकामी होतेय. तिथे अभ्यासू माणसं हवीत, असं साहेब कालच्या बैठकीत माझ्याकडे बघून म्हणाले. आमच्या ह्यांचं म्हणणं, तुझ्या मागे घड्याळ होतं. ह्यांना राजकारण कळत नाही. मी एकोणतीस वर्षं कॉलेजात तेच शिकवलं आणि पक्षाच्या प्रत्येक बैठकीला पहिल्या रांगेत बसले.
संकल्प: रोज पाच पानं. विशेषणं वर्ज्य.

३ मार्च
अर्धं पान. शपथविधीची साडी निवडण्यात दुपार गेली. निळी.

७ मार्च
उपाध्यक्षांवरचं प्रकरण पूर्ण. 'निष्ठेचा मेरुमणी' हे विशेषण नाही, निरीक्षण आहे.

८ मार्च, रात्री उशिरा
मेरुमणी बारा आमदार घेऊन समोरच्या पक्षात गेला. साहेबांचा फोन. प्रकरणाचं नाव 'अस्तनीतला निखारा' केलं. मी तथ्यं बदलत नाही. समोरच्या पक्षावर नवं प्रकरण घेतलं, 'दरोडेखोरांची टोळी'. लेखणी अशी सुटली की चौसष्ट पानं झाली. शिस्तीचा परिणाम.

१३ मार्च
निखारा परत आला. आता कार्याध्यक्ष. साहेबांनी गळाभेट घेतली, दोघांचे डोळे भरून आले. पुस्तक छापणारे प्रेसवाले वैतागले. म्हणाले, बाई, नावांपुढे जागा कोरी सोडा, छापायच्या दिवशी सकाळचा पेपर वाचून भरू. चांगलंच झापलं त्यांना. इतिहास म्हणजे काय लग्नपत्रिका आहे?

१४ मार्च
एकवीस जागा कोऱ्या सोडल्या.

१९ मार्च
आरशासमोर सभागृहातल्या पहिल्या भाषणाची तालीम. अठ्ठावीस मिनिटं, पाणी न पिता. सुनेनं दार उघडून विचारलं, आई, फोनवर कोणाशी भांडताय? भोळी आहे. हिला पी. ए. नेमायचं नाही.

२४ मार्च, सकाळी ११
पुस्तक आलं. पहिली प्रत साहेबांना दिली. हातावर तोलून म्हणाले, बाई, काम वजनदार झालंय. उघडून पाहिलं नाही. एवढा विश्वास. बाहेर पडताना शिपायानं मला सलाम केला. बातमी फुटलेली दिसते.

२६ मार्च
साहेबांनी अख्खा पक्ष समोरच्या पक्षात विलीन केला. मास्टरस्ट्रोक. म्हणजे मला आता दोन पक्षांची मतं. विक्रम होईल बहुधा. चौसष्ट पानांचा तेवढा प्रश्न आहे. हे म्हणाले, अभिनंदन, टोळीत तुझंही नाव लागलं. प्रेसवाल्यांना फोन करून गठ्ठे थांबवा म्हटलं. ते म्हणाले, सगळ्या शाखांना पोचले, जन्मात पहिल्यांदा काम वेळेवर केलंय, तर ही बक्षिसी.

३० मार्च
नवे सहकारी पुस्तकावर भडकलेत. प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवतात म्हणे. वाचक मिळाले, हेही नसे थोडके. साहेबांचा फोन, स्वतःचा. म्हणाले, बाई, तुम्हाला सहा वर्षांसाठी पक्षातून काढतो, वातावरण निवळेल. मी तात्काळ होकार दिला. ज्याची दखल घ्यावी लागते त्यालाच काढतात, आणि आपल्या राजकारणात काढलेली माणसंच पुढे मंत्री होतात. सभागृहाची जागा कार्याध्यक्षांना दिली. तात्पुरती सोय असणार. साडी इस्त्रीला टाकली.

२ एप्रिल
पक्ष कार्यालयातून कारकुनाचा फोन. मला काढायचं पत्र अडलंय, कारण सभासदांच्या यादीत माझं नाव सापडत नाही. जुन्या याद्याही पाहिल्या. कुठेच नाही. बैठकीत सहीची वही समोर आली की मी सही करायचे, तो चहाचा हिशेब होता म्हणे. तर काढण्यासाठी आधी सभासद व्हावं लागेल. साहेब घाई करतायत, आजच या.
गेले. खिडकीशी उभी राहून फॉर्म भरला. 'पक्षकार्याचा अनुभव' या रकान्यात तीस वर्षं असं लिहिलं. कारकून म्हणाला, बाई, नवीन सभासदांनी तिथे 'नाही' लिहायचं असतं.
खोडलं. 'नाही' लिहिलं.