एस्थरबायचे हात

पेण, २१ नोव्हेंबर १९९३

चि. बेंजामिनास,
एस्थरबायचे अ. उ. आ.

तुझं पत्र पावलं. शीरा बाळंतपणाला वरशाला आली, साराच्या माघारी त्या घरात पुन्हा बाईमाणसाचा वावर झाला, वाचून बरं वाटलं. तू भात करपवतोस हे पोरीने आत्याला केव्हाच कळवलंय.

बाळंतपण माझ्याच हातून व्हावं, असं तू लिहितोस. शीराही याच हातांत जन्मली, खरं आहे. पण ते हात आता राहिले नाहीत. दवाखान्यातून ऑगस्टात निवृत्त झाले, तरी मिठागरांकडच्या बाया अजून दाराशी येतात. इतकी वर्षं नर्सबाई म्हणून ज्यांनी मान दिला त्यांना तोंडावर नाही म्हणवत नाही. दिवाळीनंतर अशाच एकीकडे गेले. नाळ बांधताना दोरा बोटांत आहे की निसटला तेच कळेना. नजरेने बघून गाठ मारली. घरी येऊन ठरवलं, ही शेवटची.

शिवाय तुझे भावजी. अर्धांगाने उजवी बाजू गेली ती गेलीच, पण बोलणं हळूहळू परत येतंय. काल शेजारच्या इंदुबाईंना चहा गोडमिट्ट केला म्हणून ऐकवलं. त्या रागावल्या नाहीत, उलट रडल्या.

शीराचं नाव सरकारी दवाखान्यात घाल. रक्तदाब बघून घे आणि पायांवर सूज आहे का ते कळव.

दोघांवर माया आहेच. ती मागून घ्यावी लागत नाही.
तुझी,
एस्थरबाय


वरसे, ९ डिसेंबर १९९३

ती. एस्थरबायस,
बेंजामिनचा शालोम आणि सा. न. वि. वि.

नाव घातलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब थोडा वर आहे, मीठ कमी करा, दर आठवड्याला आणा. मीठ कमी केलंय. पुन्हा मात्र नेलं नाही. धाटावच्या कारखान्यात माझी दुसरी शिफ्ट चालू आहे, हे एक कारण. दुसरं तुला ठाऊक आहे. सारा दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेली होती. त्या पायऱ्या पोरीला घेऊन चढायच्या म्हटलं की मी उद्यावर ढकलतो.

पाय सुजलेत, पण शीराच्या वेळी साराचेही सुजायचे. शेजारची पुतळी हाताखाली राहायला तयार आहे. बोटांचं काय घेऊन बसलीस? तू नुसती खाटेजवळ बस, बाकी देव करील. जावईसुद्धा ठाण्याहून लिहितात की आत्या असल्या म्हणजे काळजी नाही.

भावजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, आता माझ्याशी भांडा.
बहीण-भावाचा लोभ आहे तो आटू देऊ नकोस.
तुझा,
बेंजामिन


पेण, १५ डिसेंबर १९९३

चि. बेंजामिनास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून झोप उडाली. साराचा आजार वेगळा होता आणि हे वेगळं आहे. सूज आणि रक्तदाब एकत्र आले की घरी वाट बघायची नसते. सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं दिसतं का? डोकं दुखतं का? बोटातली अंगठी अडकते का? यातलं काही असेल तर शिफ्ट बुडव आणि निघ.

मी बाळंतपण करायला येणार नाही. आलेच तर तिला उचलून दवाखान्यात न्यायला येईन. माझ्यावर विसंबून बसू नकोस, हे तुला हात जोडून सांगते.

यांना सोडून राहणं अवघड झालंय. मी बाजारात गेले तरी घाबरतात.

शीराला जवळ घेतलंय असं सांग.
एस्थरबाय


वरसे, ४ जानेवारी १९९४

ती. एस्थरबायस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र लागलं मनाला. सख्खी आत्या असून असं लिहावंस? शीराने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, आत्या रागावते तशी, पण येते. मी दवाखान्याचा विषय काढला तर तीच म्हणते, आत्या आली की ती सांगेल तसं करू.

अंगठी साबण लावून काढली. कालपासून डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणते. उन्हात बसली होती म्हणून असेल. पुतळीच्या मते दृष्ट आहे, तिने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

दिवस भरायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात मन वळलं तर एस.टी. थेट आहे.
वाट बघणारा,
बेंजामिन


अलिबाग, ११ जानेवारी १९९४

ती. एस्थरबायस,
सा. न. वि. वि.

इंदुबाईंचा निरोप येताच तू इथून घाईने निघालीस, तेव्हा नीट बोलताही आलं नाही. शीरा शुद्धीवर आहे. नजर अजून धूसर आहे, मला आवाजावरून ओळखते. डॉक्टर म्हणतात, दिसू लागेल. मुलगी जेमतेम ओंजळीएवढी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय.

त्या दिवशी पत्र हातात पडताच तू आलीस, आणि दारातूनच जीप बोलाव म्हणालीस. मी पाणी तरी घे म्हटलं, तोवर तू शीराच्या पायांत चपला सरकवत होतीस. रोह्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन लगेच इकडच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे. नागोठणे सोडल्यावर शीराला झटका आला. तिचे डोळे फिरले आणि मी वेड्यासारखा ओरडत राहिलो. तू तिला कुशीवर वळवून धरलंस, तोंडातला फेस पदराने टिपत होतीस. आता बोटांत ताकद नाही असं कुणी म्हटलं तर मी ऐकणार नाही.

इंदुबाईंचा निरोप काय होता? भावजी कसे आहेत? काही बोलले का? शीराला उठता आलं की लगेच पेणला येऊन तुझे पाय धरतो.
तुझा,
बेंजामिन


पेण, १८ जानेवारी १९९४

चि. बेंजामिनास,
अ. उ. आ.

मुलगी दूध ओढू लागली की कळव. शीराचा रक्तदाब महिनाभर तपासत राहा, विसरू नकोस.

यांना पुन्हा झटका आला. इंदुबाई सांगतात, मी निघाल्यापासून माझी चौकशी करत होते. त्या म्हणायच्या, येतायत. दुसऱ्या दिवशी दुपारी विचारणं थांबलं, तेव्हा त्यांना वाटलं, समजूत पटली. थोड्या वेळाने पेज घेऊन गेल्या, तर मान कललेली होती. आता वाचा पूर्ण गेलीय. डॉक्टर म्हणतात, परत येईल असं धरू नका. मी समोर बसते तरी माझ्याकडे बघत नाहीत. ओळखत नाहीत की रागावलेत, हे मला कळत नाही, आणि आता ते सांगू शकत नाहीत.

मी आले नसते तर शीरा राहिली नसती, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि तू डिसेंबरातच तिला नेलं असतंस तर मला यावं लागलं नसतं, हेही ठाऊक आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस, असं लिहायला बसले होते. ते वाक्य अजून लिहवत नाही. कधीतरी लिहीन.

शीराला यातलं काही कळू देऊ नकोस. ओली बाळंतीण आहे.

तू आत्ता पेणला येऊ नकोस. लोभ आहे, तो सध्या तिथूनच असू दे.
एस्थरबाय