गुडघ्याएवढं पाणी

मस्कतपासून दोन तासांवर,
१४ नोव्हेंबर

ती. अक्कास,
वामनाचा साष्टांग नमस्कार. पाठ दुखते, तेव्हा तो कागदावरच गोड मानून घे. तुझ्या मेतकुटावर आमचं ऑफिस डल्ला मारतं.

सध्या पुराचा नकाशा करतोय. इथली नदी वर्षभर कोरडी. मी आलो तेव्हा पात्राकाठी शेळ्या होत्या, आता तीनशे घरं आहेत. सतरा वर्षांपूर्वीच्या पुरात मोजणीचं यंत्रच वाहून गेलं, म्हणून म्हाताऱ्यांना विचारायचं, पाणी कुठवर आलं होतं? ते आपल्याच अंगावर हात लावून दाखवतात. साऱ्या गावाने गुडघा दाखवला. नकाशात तांबडी रेघ आली की बांधकाम बंद, हे सगळ्यांना ठाऊक.

माझे जुने घरमालक खलफान यांनीही गुडघाच दाखवला. लेकीच्या, शम्साच्या, घराचे खांब तिथेच उभे राहिलेत. "लिही, इंजिनियर. गुडघा."

मी लिहिलं. तू शिकवलेल्या न्यायशास्त्रात आप्तवाक्य प्रमाण आहे ना!

पण अक्का, प्रत्यक्ष प्रमाण मीच होतो. त्या दिवशी पाणी माझ्या छातीला होतं आणि खलफाननी माझी कॉलर धरून ठेवली होती. तुलाही तेव्हा 'गुडघ्याएवढं' असंच कळवलं होतं.

परवा त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "अम्मी (इथे काकांना असंच म्हणतात), मी छाती लिहिणार आहे."

"शम्साचं घर जाईल."

"हो."

इथे पाहुण्याने पेला हलवला की कहवा थांबतो. तोवर यजमान ओततच राहतो. मी हलवला नव्हता. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

काल शम्सा ऑफिसात आली. डोळे सुजलेले. दुसऱ्या प्लॉटसाठी अर्ज टाकून आली होती. पहिल्याला नऊ वर्षं लागली होती.

"काका, बाबांचा निरोप आहे. म्हणाले, त्या बुटक्याची छाती धरू नका. तो बांधावर उभा होता, मी खाली. पाणी माझ्या गळ्याला होतं."

मला हे माहीत नव्हतं गं. गढूळ पाण्यात त्यांचे पाय कुठे होते, ते सतरा वर्षांत विचारलंच नाही.

रेघ आता आणखी वर सरकली आहे. उद्या नकाशा देतो आणि पेला मागायला त्यांच्या दारात जातो.

तुझ्या ट्रंकेतलं ते जुनं पत्र काढ, आणि त्यातला गुडघा खोडून टाक.

तुझा, खलफाननी उरवलेला,
वामन