आमच्या फोनवर दुसऱ्याचा कान

६ जुलै ९८, लातूर
अंजुम शेजारच्या सरांच्या क्लासमधून रडत आली. आम्ही भाड्यानं दिलेल्या खोलीतल्या तिघी पोरींत हीच हसरी. लई विचारलं तेव्हा म्हणाली, "काकू, सरांना तुम्हीच सांगितलंत ना?"
काल आमच्या कॉर्डलेसवरून हदगावला बहिणीशी बोलली होती. फिजिक्स कळत नाही, सर ओरडले की पोटात गोळा येतो, असं काहीबाही. आज सरांनी भर वर्गात तेच म्हणून दाखवलं. वर, "अब्बांना सांग, दुकानात तुझ्यासाठी अजून एक शिलाई मशीन टाका." वर्ग हसला.
मी कशाला सांगू! पण पोरीची नजर...

७ जुलै
अंजुम जेवली नाही. माझ्या हातचं पाणीही नको.

८ जुलै
ह्यांना नांदेडला फोन लावायला हँडसेट उचलला, तर आत सरांची बायको! माहेरच्या लग्नातल्या साड्या. फोन आमचा, गप्पा शेजारच्या. तेव्हा कळलं.
तशीच त्यांच्या दारात. सर चहा पीत होते.
"मुद्दाम थोडंच ऐकतो? दोन्ही सेट एकाच चॅनलवर असतील. आपोआप येतं."
"आलं तर खाली ठेवायचा. वर्गात सांगायची काय गरज होती?"
"तिच्या भल्यासाठीच बोललो."
भल्यासाठी!

९ जुलै
गंजगोलाईत गेले, सेट घेतला त्या दुकानात. त्यानं चॅनल बदलला, हँडसेटला नि खालच्या डब्याला नवा कोड लावला. "आता त्यांचा फोन तुमच्या लाईनवर लागायचा न्हाई. पण कुणी मुद्दाम चॅनल शोधत बसलं तर ऐकू येनारच, ताई."
मग कशाला हवा? माळ्यावर टाकला. जुना वायरचा फोन जोडला.

१० जुलै
अंजुमचे अब्बा आले. "बाई, पोरगी खाऊन नाही राहिली. नेतो."
दोघांसमोर सगळं सांगितलं. अंजुमनं ऐकून घेतलं. "मग सरांना कुणीच काही म्हणणार नाही?" एवढंच बोलली. ट्रंक रिक्षात गेली.

११ जुलै
झोप नाही. क्लास चालू असताना आत शिरले.
"अंजुमचं काही चुकलं नव्हतं. तिचं घरचं बोलणं यांनी फोनवर चोरून ऐकलं, नि तुम्ही हसलात."
सर ओरडले, "ह्यांना बाहेर काढा!"
कुणी उठलं नाही. हसलंही नाही. बाहेर येऊन पायरीवर बसले, तेव्हा रडू आलं.

१३ जुलै
हदगावला फोन. त्यांचा फोन अब्बांच्या दुकानातच आहे. बहिणीनं घेतला. अंजुम मशीनवर बसते, पुस्तकं ट्रंकेतच. मागं मशीन घरघरत होतं.
वर्गात काय झालं ते सांगितलं. बहीण मोठ्यानं एकेक वाक्य पुढं सांगून राहिली. मधेच मशीन थांबलं.
रिसीव्हर कुणीतरी घेतला.
"अंजुम?"
नुसता श्वास. फोन मात्र ठेवला नाही तिनं. मीही रिसीव्हर धरून बसले.