बांधाची जागा

मालवण, ९ सप्टेंबर १९६१

प्रिय सुभद्रा,

तुझ्या आईंचा ताप उतरल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. इथली मोठी बातमी म्हणजे परवाच्या उधाणात आपला खाडीचा बांध टिकला. भातात खाऱ्या पाण्याचा थेंब नाही. आणि मी आधी जिथे खुंट्या मारल्या होत्या, तिथे पुरुषभर खड्डा पडलाय!

बांधाची जागा ठरवायच्या गावसभेत मी नकाशा पसरून, चांगल्या सरकारी मराठीत, कुणाची हरकत आहे का म्हणून विचारलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येऊन मी ऐटीत सांगितलं, अख्खा गाव माझ्या बाजूने आहे. तू भाकरी थापताना म्हणालीस, "सभेत सगळे साहेबाक मान दितत. सुकतीक तिसरे काढूक बायका येतत, त्येंका विचारा. आणि खुर्चेर बसान नको." मला राग आला. खाडीकाठी वाढलेल्या ओव्हरसियरला बायकोने शिकवावं! दोन दिवस फुगून बसलो आणि तिसऱ्या दिवशी ओहोटीला बूट काढून चिखलात उतरलो.

तिसऱ्यांच्या शिंपल्यांनी पाटी भरता भरता त्या बायकांतल्या रुक्मिणीबाईंनी माझ्या खुंट्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "थंय तळ टिकाचो नाय. दर पावसात पाणी भोवरो करता." मग आधी का नाही सांगितलं? "माका कोणी विचारूकच नाय." मी ओशाळलो. दुसऱ्याच दिवशी खुंट्या चाळीस हात वर सरकवल्या.

काल इंजिनिअरसाहेबांनी पाठ थोपटली. मीही क्षणभर थोपटून घेतली, खोटं कशाला सांगू! मग रुक्मिणीबाईंचं नाव सांगितलं. तुझं सांगायला संकोच वाटला, म्हणून इथे लिहितो: सुभद्रा, माझी नोकरी आणि या गावाचं भात तू वाचवलंस. तुझे उपकार आहेत माझ्यावर.

आता खरं काम. रत्नागिरीला बढतीवर जाण्याचा हुकूम आलाय, होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा आहे. एरवी मी कळवून टाकला असता आणि तुला सामान बांधायला सांगितलं असतं. तळेऱ्याच्या शाळेतली तुझी शिकवण्याची नोकरी मी अशीच सोडायला लावली. तू दोन दिवस जेवली नव्हतीस आणि मला वाटलं, पित्त झालं असेल. इथे खटपट करून तू पुन्हा चौथीचा वर्ग मिळवलास. बढती मला हवी आहे, ते लपवत नाही. पण तुझ्या मनात काय आहे, हे नऊ वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. हुकुमावर अजून सही केलेली नाही. तुका काय व्हया गो?

उत्तर येईपर्यंत थांबलेला,
तुझाच,
जयराम