जाते म्हणू नये

२० डिसेंबर २०२५, शनिवार. मुकुंदवाडी.

गाडी आली! सकाळी सातला, गाड्या भाड्यानं देणाऱ्या गयासभाईंनी ती स्वतः चालवत उस्मानपुऱ्याहून आमच्या दारात आणली आणि गल्लीतली निम्मी पोरं दात घासता घासता तिच्याभोवती जमली. बाहेरून साधी पांढरी ट्रॅव्हलर, आत मात्र अख्खा संसार. दोन पलंग, एका शेगडीचा ओटा, बेसिन, हातभर फ्रिज, पडद्याआड संडास. छपराशी एकशेवीस लिटरची टाकी आणि तिच्यात किती पाणी उरलंय ते दाखवणारी काचेची नळी, लाल रेघा मारलेली. दाराला घडीची लोखंडी पायरी आहे. तिच्यावर पाय पडला की ती ‘कुईं’ करते आणि गाडी जराशी त्या अंगाला झुकते. मी नाक मुरडलं तर गयासभाई म्हणाले, “भाभी, इसकू बेल समझो. कोई चढा तो मालूम पडता.” मागच्या काचेवर त्यांनी हौसेनं ‘चालतंफीरतं घर’ रंगवून घेतलंय. चौदा वर्षं शाळेत मराठी शिकवतेय मी, ती दुसरी वेलांटी मला सहन होईना. ओल्या फडक्यानं पुसायला गेले, पण रंग पक्का निघाला.

राजेंद्रला माळढोक बघायचाय. नवऱ्याची ही हौस लग्नाआधीपासूनची. त्याच्या आज्यानं म्हणे पैठणकडच्या माळावर हे पक्षी पाहिले होते, आता तिकडं पीसही सापडत नाही. जैसलमेरच्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात थोडे उरलेत. म्हणून मी साठवलेली रजा काढली, त्यानं वाळूजच्या कंपनीतून सुट्टी घेतली आणि नऊ वर्षांची आमची मोनाली तर महिनाभर बॅग भरून बसली होती.

निघताना राजेंद्र “जातो गं आई” म्हणाला आणि सासूबाई उंबऱ्यातून कडाडल्या, “जातो काय म्हन्तो रं? येतो म्हण!” सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. नाव सत्यभामा आणि आवाजही नावाला साजेसा. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही. भूत म्हटलं की दिवंगत सासरे पुरावा मागायचे. पण ‘जातो’ मात्र आमच्याकडं कुणी म्हणत नाही. जाणारा परत येत नाही, म्हणून घर सोडणारानं ‘येतो’ म्हणायचं. मोनूनंही शहाण्यासारखं “येते गं आजी” म्हटलं.

२२ डिसेंबर. उद्यानाजवळ.

बडोदा, पालनपूर, बाडमेर करत संध्याकाळी पोचलो. तीन दिवसांत मी या डब्यात पिठलं, खिचडी आणि एकदा चक्क थालीपीठ केलं. मोनूनं वरचा पलंग बळकावलाय. गाडी एका ढाणीच्या कडेला लावली आहे. ढाणी म्हणजे इकडची वस्ती, पाच-सात घरांची. हमीरजी म्हणून वाटाड्या ठरवलाय. साठीचा, पागोटंवाला, कमी बोलणारा. मी त्याचं हिंदी दुरुस्त करणार नाही असं राजेंद्रनं माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

२३ डिसेंबर.

आज आठ किलोमीटर चाललो. वाळवंट म्हणजे नुसत्या टेकड्या असं मला वाटायचं, पण हा तर माळच आहे. खडे, गवत, रुईची झुडपं, मधूनच वाळू. चिंकारा दिसले. वाळूतले माग वाचायला हमीरजीनं मोनूला शिकवलं. हा कोल्हा, हा तितर, हे बाईमाणूस, डोक्यावर घागर होती, कारण टाच खोल रुतलीय. मोनू खूश. माळढोक नाही दिसला. राजेंद्रचं तोंड उतरलं होतं, त्याला गूळ-शेंगदाणे खायला घालून खुलवलं.

२४ डिसेंबर.

आज जे झालं ते नीट, क्रमानं लिहिते.

बारा वाजत आले होते. राजेंद्र आणि हमीरजी दुर्बीण घेऊन लांब थांबले होते, माळढोकाची मान दिसली म्हणून. मी आणि मोनू पुढं एका खेजडीच्या सावलीला गेलो. झाडाखाली दगडी काठाची कोरडी विहीर आणि काठाला टेकून एक म्हातारी बसलेली. ओढणी हनुवटीपर्यंत ओढलेली. तिनं न बोलता हात पुढं केला. मोनूनं आपली पाण्याची बाटली दिली. म्हातारीनं ती ओढणीच्या आत नेली. घोट घेतल्याचा आवाज आला नाही. परत दिली तेव्हा बाटली आतून खडखडीत कोरडी होती, एक थेंब चिकटलेला नव्हता. मला नवल वाटलं, एवढंच.

निघताना मोनू म्हणाली, “जाते हं आजी.”

आणि मी, सवयीनं, “मोनू, जाते म्हणू नये. येते म्हणावं.”

मोनू गुणी पोर. मागं वळून मोठ्यानं म्हणाली, “येते हं आजी!” म्हातारीनं मान हलवली.

तेवढ्यात हमीरजी धापा टाकत आला. कुणाशी बोलताय म्हणून विचारलं. मी वळून पाहिलं तर झाडाखाली फक्त विहीर. मुलगी काय म्हणाली, असं त्यानं दोनदा विचारलं. मी समजावून सांगितलं, की आमच्याकडं ‘जाती हूँ’ म्हणत नाहीत, ‘आती हूँ’ म्हणतात. त्याचा चेहराच पडला. त्यानं जे सांगितलं ते असं. छप्पन्नच्या, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुष्काळात एका बाईला तिची लेक त्या विहिरीपाशी बसवून गेली. पाणी घेऊन येते म्हणाली आणि आली नाही. तेव्हापासून तिथून निघताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही. म्हटलं की ती वाट बघते. बघून थकली की न्यायला येते. अजून उशीर झाला नाही, मुलीला विहिरीकडं तोंड करून ‘जाती हूँ’ म्हणू द्या, असं त्यानं हात जोडून सांगितलं.

मी हसले. माझ्या एकुलत्या एक लेकीच्या तोंडून असलं अभद्र मी वदवणार नाही म्हणाले. आता वाटतं, भुतावर विश्वास नाही म्हणणारी मी, एका शब्दाला मात्र घाबरले.

२५ डिसेंबर.

दुपारी बाराला आम्ही तिघंही गाडीत होतो, जेवत. पायरी ‘कुईं’ वाजली. गाडी दाराच्या अंगाला झुकली आणि तशीच राहिली. राजेंद्रनं दार उघडलं. कुणी नाही. गाडी झुकलेली मात्र होती. काचेच्या नळीतलं पाणी माझ्या डोळ्यांदेखत दोन रेघा खाली उतरलं. नळ बंद होता. मग गाडी हळूच सरळ झाली.

राजेंद्र म्हणाला टाकी गळते. गाडीखाली शिरून पाहून आला, जमीन कोरडी. मोनूनं दाराशी वाकून शिकल्याप्रमाणं माग वाचले. अनवाणी, बाईमाणूस, माळाकडून पायरीपर्यंत आलेली.

परत गेल्याचे माग नाहीत, असंही तिनंच सांगितलं.

मी उद्याच निघायचं म्हटलं. राजेंद्रनं माळढोकाचं नावही काढलं नाही.

२६ डिसेंबर. सांचोरच्या अलीकडं, पेट्रोल पंपावर.

पायरी घडी करून वर कडी लावली होती. मी स्वतः ओढून पाहिली होती. तरी बाराला ‘कुईं’. गाडी झुकली. चाळीस लिटर गेलं. पंपावरच्या पोरानं विचारलं, मागच्या काचेला टेकून बसलेल्या आजीला पाणी हवंय का.

मोनूला फार तहान लागतेय.

२८ डिसेंबर. मुकुंदवाडी.

घरी पोचलो एकदाचे. गयासभाई गाडी न्यायला आले. पलंगाखालून तीन घमेली वाळू निघाली. “रेगिस्तानच उठाके लाए क्या भाभी?” म्हणाले आणि मी इतक्या जोरात हसले की राजेंद्रनं माझ्याकडं पाहिलं. गाडी क्रांती चौकाच्या दिशेनं वळेपर्यंत बघत उभी होते. पायरी गेली. मला हलकं वाटलं. आत्याबाईंनी मोनूला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, “लई वाळली गं लेकरू माझं.”

२९ डिसेंबर.

आमच्या उंबऱ्याला लोखंड नाही. दगडी आहे. बारा वाजता तो ‘कुईं’ वाजला.

आमच्याकडं पाणी आठवड्यातून एकदा येतं. काल रात्रीच आलं होतं, दोनशे लिटरचा ड्रम काठोकाठ भरलेला. झाकण काढलं तर तळाला वाळू. आत्याबाईंनी हात घालून बघितली. बोटं नाकाशी नेली.  मग झाकण घट्ट लावून मोनूला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

३० डिसेंबर.

दवाखाना. साखर बरोबर, रक्त बरोबर, सगळं बरोबर. वजन पाच किलो कमी. सलाइन लावलं, बाटली दहा मिनिटांत संपली. नर्सनं नळी तपासली, दुसरी लावली. तीही गेली. मोनूचे ओठ फुटलेत. चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहते. डॉक्टर मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. राजेंद्र खाटेच्या व्यवस्थेला धावतोय.

मोनूनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, आजी विचारते, कधी येतेस.

मी म्हटलं, कोणती आजी.

“मागं उभी आहे ती.”

पाहिलं नाही मी. पाहवलंच नाही. भ्याले. आई असून भ्याले.

३१ डिसेंबर.

मोठ्या दवाखान्यात खाट उद्या मिळेल म्हणाले, तोवर मोनूला घरी आणलंय. हमीरजीला फोन लागला. मी रडतच बोलले. आता ‘जाती हूँ’ म्हटलं तर चालेल का. तो म्हणाला, उंबऱ्याला लागल्यावर ती रिकामी परतत नाही. दिलेला शब्द कुणाला तरी पाळावा लागतो. मुलीचा शब्द मुलीनं, नाहीतर तिच्या रक्ताच्या कुणी आपल्या तोंडानं स्वतःवर घेतला तर.

राजेंद्रला सांगितलं नाही. त्यानं ऐकलं तर तोच बोलेल. लेकीला धुंडणारी ती बाई. तिला लेक हवी. मी पण कुणाची लेकच आहे की.

तरी संध्याकाळी एकदा करून पाहिलं. मोनूला उंबऱ्याकडं तोंड करून बसवलं. म्हण बाई, जाते म्हण. हात जोडले तिच्यापुढं. पोरीनं माझ्याकडं असं पाहिलं —

म्हणाली, “आई, जाते म्हणू नये ना?”

१ जानेवारी.

गल्ली रिकामी. सगळे भीमा कोरेगावला गेलेत. राजेंद्र अँब्युलन्स आणायला. येतो म्हणाला.

पावणेबारा. मोनू हलकी झालीय. उचलली तर उशी उचलल्यासारखी. आत्याबाईंनी तिला मांडीवर घट्ट धरलंय. मी उंबऱ्यात बसून लिहितेय. वेलांट्या चुकतायत. चुकू देत.

मी आत्याबाईंना सांगितलं काय करणार ते. “नगं गं सुलेखा, मी हाय ना, मी म्हातारी —” म्हणाल्या. मी म्हटलं, तिला लेक हवी आत्याबाई, आजी नको. त्या तोंडावर पदर घेऊन —

बारा.

वाजला उंबरा.

वाळू येतेय आत, पायापायानं. मोनू उठली. तीन दिवस उभी राहिली नव्हती ती. दाराकडं चाललीय. आत्याबाईंच्या हातातून कशी —

दारात ओढणी. आत तोंड नाही. नुसतं कोरडं —

हात पुढं केलाय. मोनूनं पण केला.

मी मधे आले. बोलले. मोठ्यानं, स्पष्ट. ती येणार नाही. तिला मी शिकवलं होतं, चूक माझी. येते मी.

हात माझ्याकडं वळला.

मोनू मटकन बसली. पाणी, म्हणाली. आत्याबाईंनी तांब्या लावला. पितेय. घोट ऐकू येतोय. तांब्यात पाणी उरलंय, उरलंय पाणी —

मनगटाला वाळू. गार आहे.

राजेंद्र, शाळेत कळव. मोनूचा दूध-भात

मोनू रडते. आई कुठं जाते म्हणून. रडू नको गं. जाते म्हणू नये राणी. इथंच. जरा जाऊन ये —