बॅरल अजून फिरतंय

प्रिय दगडोबा,

लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. तू ऑफिसातून आलास, डबा मोरीत ठेवलास आणि मी तो धुवायला उघडला, तर आत मूठभर ओले दगड. मी किंचाळले, तुझी आई धावत आली, आणि तू शांतपणे टॉवेलला हात पुसत म्हणालास की अगं, आत्ताच बघ, वाळले की रंग जातो. आम्ही दोघी सासू-सुना नळाखाली वाकून दगड बघत बसलो. एकात बारीक तांबडी शीर होती. मला वाटलं, नव्याची नवलाई आहे, चार महिन्यांत उतरेल. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला भरतकाम शिकवलं, टापटीप शिकवली, जेवताना कोपर टेबलावर टेकायचं नाही हे शिकवलं. पण डब्यातून दगड आणणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं, हे कुठल्याच तासाला शिकवलं नाही.

चारचौघांत मी तुला आयुष्यभर ‘अहो’ म्हटलं आणि पत्रात मात्र पहिल्यापासून ‘तू’. मुलगा हे वाचून दाखवणार असेल तर त्याला सांग, कान झाकून वाच.

तुझ्यावर मी किती वैतागले आहे, हे आधी लिहून टाकते, म्हणजे मोकळी होईन. तू त्या मोठ्या हॉस्पिटलात, पोटाला टाके घेऊन पडलेला. एक ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायलाच हवं असं डॉक्टर सांगतायत, आणि तू अजून ‘हो’ म्हणत नाहीयेस. माझा जीव इथे टांगणीला. आणि रोज तुझा फोन आला की पहिला प्रश्न काय? तर दगड घासायच्या तुझ्या मशीनच्या बॅरलचा आवाज कसा येतोय! दुखतंय का, विचारलं तर ‘ठीक’. झोप लागली का, तर ‘ठीक’. बॅरलमध्ये पाणी किती, झाकण उघडून हवा सोडलीस का, याच्यावर मात्र दहा मिनिटं प्रवचन. मी फोन त्या मशीनजवळ धरून उभी राहते, आणि तू पलीकडे डोळे मिटून ऐकतोस, असं मुलगा सांगतो. खळखळ आली तर दगड कमी पडलेत, धपधप आली तर पाणी जास्त झालंय, सरसर आली की सुखी संसार. माझ्या खोकल्याचा आवाज तुला इतक्या वर्षांत कधी ओळखता आला का रे?

अॅम्ब्युलन्सच्या दारातसुद्धा तू माझा हात धरलास तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. बोललास ते असं, की बॅरल बंद करू नकोस, दुसऱ्या भुकटीचा आठवडा चाललाय. ड्रायव्हर हसला. मला रडायचं होतं, तेही राहून गेलं.

म्हणून मी चालवतेय. दगड घासून गुळगुळीत व्हायला आधी जाड भुकटी, मग मधली, मग बारीक, आणि शेवटी पॉलिश, प्रत्येकीचा एक आठवडा. मधे प्रत्येक दगड दात घासायच्या ब्रशने धुवायचा, कारण जाड भुकटीचा एक कण जरी पॉलिशच्या बॅरलमध्ये गेला तरी सगळ्यांवर ओरखडे. हे मला पाठ झालंय. आणि दगड धुतलेला गाळ मोरीत ओतायचा नाही, हे तर मी जन्मात विसरणार नाही. तू पहिल्या वर्षी ओतलास आणि पाइपातच दगड झाला. प्लंबरने छिन्नीने फोडून काढला आणि मला विचारलं, “काकू, साहेब घरात धरणबिरण बांधतायत का?” तेव्हापासून गाळाची बादली मागच्या अंगणात न्यायची असा तुझा कायदा. त्या कायद्याचं पालन करतानाच मी पायरीवर गाळ सांडला, त्याच्यावरूनच घसरले आणि घोटा मोडून बसले. नाहीतर आज तुझ्या उशाशी मुलगा नसता, मी असते, आणि हे सगळं तोंडी ऐकवलं असतं. प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर ठेवून लिहितेय. सूनबाई बादली उचलते आणि दर वेळी विचारते की आई, हे बंद नाही का करता येणार. मी म्हणते, तुझ्या सासऱ्यांना विचार. ती बादली घेऊन अंगणात जाते. तुम्हा दोघांपुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे तिला आता कळलंय.

परवा दुपारी वीज गेली. मशीन थांबलं. गेली कित्येक वर्षं मी ज्या शांततेसाठी देवाकडे हात जोडत होते, ती एकदाची घरात आली आणि मला खुर्चीत बसवेना. वर्तमानपत्र उघडलं, मिटलं. कुबडी घेऊन उगाच स्वयंपाकघरात गेले, परत आले. तेवढ्यात दार वाजलं. खालच्या शिवणवाल्या बाई! त्याच, ज्या दर महिन्याला वर येऊन भांडतात की तुमच्या गिरणीमुळे माझं डोकं उठतं. दारात उभ्या, गळ्यात टेप, चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, “आवाज बंद झाला हो वहिनी. साहेब बरे आहेत ना?” मी म्हटलं, वीज गेलीय. तर मटकन पायरीवरच बसल्या आणि मग मलाच रागावल्या की वीज जाणार असेल तर आधी सांगत जा. आम्ही दोघी वीज येईपर्यंत तशाच बसून राहिलो. आली, बॅरल फिरायला लागलं, तेव्हा पदर झटकून उठल्या आणि जाताना म्हणाल्या, फार आवाज येतो बाई तुमच्याकडे.

तुला आठवतो का तो करडा दगड, ज्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा होता? सगळे दगड पॉलिशला निघाले आणि तू तो बाजूला काढलास. मी म्हटलं, राहू दे की, कोण बघतंय. आमच्या सिस्टर भरतकाम उलटं करून बघायच्या आणि मागच्या बाजूला एक गाठ दिसली तरी सगळं उसवायला लावायच्या. तू त्यांच्यापेक्षा वाईट. तो दगड तू परत जाड भुकटीत टाकलास. खड्डा गेला नाही, पुन्हा टाकलास. आवळ्याएवढा दगड झिजून बोराएवढा झाला, तरी तू पुन्हा पहिल्यापासून. मी चिडले तेव्हा म्हणालास, त्याला घाई नाही, मला घाई नाही, तुलाच कसली घाई? आणि तोच तू आता डॉक्टरांना सांगतोस की एकदा झालं, पुरे झालं, आणखी कापाकापी नको. तुझ्यापेक्षा तो करडा दगड बरा, त्याने कधी तोंड वर करून ‘पुरे’ म्हटलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल मुलाने फोन केला. म्हणाला की दाढी करून देत असताना बाबांनी कुणाला कुठला दगड द्यायचा ते सांगितलं. पट्ट्यापट्ट्यांचा मोठा अकीक मावसभावाला, हिरवे सगळे मुलाला, मशीन प्लंबरला, आणि आईला तिला आवडतील ते. आवडतील ते! इतकी वर्षं संसार करून माझ्या वाट्याला ‘आवडतील ते’? ही वाटणी मला मान्य नाही, नीट ऐक. मावसभावाला काहीही मिळणार नाही, मागच्या वेळी दिलेला त्याने दाराला अडकण म्हणून लावलाय. हिरव्यांतले दोन शिवणवाल्या बाईंना, पण ते तू स्वतः जिना उतरून द्यायचेस. मशीन प्लंबरला मुळीच नाही. मुलाला आत्ता दगड नकोयत, त्याला घरी पाठव, एक रात्र तरी झोपू दे; सूनबाई उद्या हे पत्र घेऊन येतेय, ती तुझ्याजवळ बसेल. तिच्या पिशवीत जुने मऊ सदरे आहेत ते तुला, स्वेटर मुलाला वाटेत घालायला. आणि उशीखाली दडवलेला तो दुसऱ्या ऑपरेशनच्या संमतीचा कागद सही करून डॉक्टरांच्या हातात. नर्सच्या नाही, मुलाच्या नाही, डॉक्टरांच्याच. वरच्या सदऱ्याच्या खिशात पेन ठेवलंय.

तुझीच,
आवडतील ते न घेणारी