समेट बैठकीत मी बोलणार नाही

३ मार्च, सोमवार

खिडकीजवळची खुर्ची नवीन बाईंना दिली. मी ती खुर्ची कधीपासून मागत होतो. मला सांगितलं होतं, तिथे वारा येतो, तुम्हाला सर्दी होईल. बाईंना सर्दी होत नाही वाटतं. माझी खुर्ची आहे तिथेच, संडासाच्या दाराला लागून.

बाईंकडे समाजकार्याची मोठी डिग्री आहे. मी सातवी, तीही दोन दमात. पण या सुधारगृहात मी आधी पहारेकरी होतो, रिटायर झाल्यावर मानधनावर समाजसेवक झालो. मी जितकी पोरं पाहिली तितकी बाईंनी पुस्तकातसुद्धा पाहिली नसतील.

एक गोष्ट मनाला लागली. पोरं मला काका म्हणायची. बाई आल्यापासून आजोबा म्हणतात. बाईंना मात्र ताई. बाईंच्या शेजारी उभा राहिलो की माझं वय दिसतं, दुसरं काही नाही. संकल्प : बाईंच्या शेजारी उभं राहायचं नाही.

पाठीमागे मला रेडिओ म्हणतात, असं सफाईवाल्याने सांगितलं. माहितीचा साठा म्हणून म्हणत असणार.

४ मार्च, मंगळवार

मोठी केस मला मिळाली. बाईंना नाही, मला.

मुलगा सोळाचा. तोंड उघडत नाही म्हणून बाकीची पोरं त्याला कुलूप म्हणतात. लाँड्रीवाल्याची डिलिव्हरीची गाडी घेऊन पळाला आणि गटारात घातली. आत अर्ध्या मोहल्ल्याचे धुतलेले कपडे होते, एका नवरदेवाचा सूटही. आई नाही, मावशीने वाढवलेला.

कोर्टाने समेट बैठक ठेवली आहे. मुलाने लाँड्रीवाल्यासमोर बसायचं, काय केलं आणि आता काय भरून देणार ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. समाजसेवकाने खोलीत बसायचं, पण बोलायचं नाही. लाँड्रीवाल्याचं समाधान झालं तर मुलगा मावशीकडे घरी. नाही झालं तर वर्षभर इथेच.

मावशी भेटायला आली होती. दवाखान्यात आया आहे, ड्यूटीवरून थेट आली, उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. म्हणाली, काका, पोरगं घरी येईल ना हो? वर्षभर इथे राहिलं तर माझं राहायचं नाही, इथलंच होऊन जाईल. मी म्हटलं, माझ्यावर सोडा. तिने मला काका म्हटलं. लिहून ठेवतो.

५ मार्च, बुधवार

मुलाला दोन तास समजावलं. पश्चात्ताप म्हणजे काय, माणुसकी म्हणजे काय, माझ्या तरुणपणी सायकल कशी चोरीला गेली होती, वगैरे. मुलगा मन लावून ऐकत होता. मध्ये एकदा डोळे मिटले. विचार करत असणार.

बाईंच्या खोलीत एक पोरगं हसत होतं. सुधारगृहात हसायचं काय आहे?

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या पोटात दुखतंय. पोट ठणठणीत आहे. उलट भूक वाढली आहे.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळी

बैठक झाली. मी फारच प्रभावी ठरलो.

एका टेबलाशी आम्ही सगळे. लाँड्रीवाला हाताची घडी घालून बसलेला. मुलगा टेबलाकडे बघत गप्प. घड्याळाची टिकटिक. मावशी पदराचं टोक पिळत होती. इतकी शांतता माझ्या प्रकृतीला चालत नाही, छातीत धडधडतं. मी फक्त सुरुवात करून दिली. म्हटलं, मुलाच्या मनात असं आहे की... आणि मग सगळंच आलं. चूक, लाज, मावशीचे कष्ट, नवरदेवाचा सूट. माझेच डोळे भरून आले.

लाँड्रीवाला उठला, मला मिठी मारली. म्हणाला, काका, मी तुम्हाला मनापासून माफ केलं, पण गाडी काही तुम्ही नेली नव्हती. या मुलाने अजून एक शब्द काढलेला नाही.

अधीक्षक साहेबांनी बैठक रद्द धरली. वीस तारखेला पुन्हा घ्यायची. कोर्टाने ही शेवटची संधी दिली आहे. मावशी चपला घालून निघून गेली.

चूक लाँड्रीवाल्याची. इतक्या लवकर माफ करायचं नसतं.

७ मार्च, शुक्रवार

साहेब म्हणाले, वीस तारखेपर्यंत मुलासोबत बाई बसतील. तुम्ही जरा आराम करा. मी म्हटलं, मला आरामाची गरज नाही. ते म्हणाले, मुलाला आहे.

आयत्या बिळावर नागोबा. जमीन मी नांगरली, आता बाई पीक कापणार.

१० मार्च, सोमवार

बाईंची पद्धत काय आहे ते बघायला दारापाशी थांबलो. बुटाची नाडी बांधत होतो, म्हणजे कोणी विचारलं तर सांगता येईल. आतून आवाजच नाही. बराच वेळ. नाडी चार वेळा बांधली. बाई गप्प, मुलगा गप्प. डिग्रीवाले गप्प बसण्याचा पगार घेतात! मला फुकट सांगा, मीही बसेन.

सफाईवाला म्हणाला, आजोबा, तुमच्या पायात बूट नाहीत, चपला आहेत.

१२ मार्च, बुधवार

आजपासून मौन. बाईंना जमतं तर मला का नाही? घरापासून सुरुवात.

दुपारपर्यंत पाळलं. बायकोने बहिणीला फोन करून सांगितलं, आज घरात किती छान वाटतंय गं, जेवायलाच ये. मौन सोडलं.

१३ मार्च, गुरुवार

साहेबांकडे गेलो. तक्रार म्हणून नव्हे, काळजी म्हणून. म्हटलं, बाई मुलाशी बोलत नाहीत, वेळ वाया चालला आहे. साहेब म्हणाले, मुलगा काल अर्धा तास बोलला. मी विचारलं, काय बोलला? म्हणाले, क्लच.

बाईंना गाडी चालवता येत नाही. गटारात गाडी कशी गेली हे त्यांना कळेना, म्हणून मुलगा त्यांना क्लच समजावत होता. टेबलावर पेला आणि डबी ठेवून. न येण्याचं भांडवल करतात लोक! मला क्लच येतो, हीच माझी चूक झाली.

१७ मार्च, सोमवार

बाईंनी मला विचारलं, मावशीशी तुमची ओळख आहे, गुरुवारी तुम्ही बाहेर बाकावर त्यांच्याजवळ बसाल का? फार घाबरल्या आहेत. विचारण्याची पद्धत चांगली होती. म्हणजे मला खोलीबाहेर काढण्याची पद्धत चांगली होती. मी म्हटलं, बघतो. मग लगेच हो म्हटलं, नाहीतर सफाईवाल्याला विचारतील.

२० मार्च, गुरुवार. संध्याकाळी

दाराला काच होती. मी आणि मावशी बाहेर बाकावर. मावशीला आत जायची परवानगी होती, पण ती म्हणाली, मला बघवणार नाही, तुम्हीच बघा आणि सांगा.

बघितलं. मुलगा गप्प. लाँड्रीवाला गप्प. बाई खिडकीबाहेर बघतात. मी काचेवर टकटक करणार होतो, बोल रे, म्हणून. मावशीने माझा हात धरला. चांगलाच घट्ट. आया आहे, सुया टोचताना पोरं धरायची सवय.

मग मुलाचे हात हलले. पाय दाबला, हात पुढे नेला, हात सुटला. गाडी कशी गेली ते दाखवत होता. मग चेहरा पुसला, शर्टाच्या बाहीने. बराच वेळ बोलला. लाँड्रीवाल्यानेही हात पुढे करून काहीतरी दाखवलं, इस्त्री फिरवल्यासारखं. मला एक शब्द ऐकू आला नाही. मावशी विचारत होती, काय म्हणतोय? मी म्हटलं, माहीत नाही. तिला दुसरं काही सांगावंसं वाटलं नाही.

ठरलं असं : दर शनिवारी मुलगा लाँड्रीत काम करणार, नवरदेवाच्या घरी स्वतः जाऊन माफी मागणार. मुलगा घरी.

मावशी आत धावली आणि बाईंच्या गळ्यात पडली. साहजिक आहे, त्या दाराजवळ होत्या.

एकूण विचार करता हे श्रेय माझंच. पहिल्या बैठकीत मी सगळं बोलून टाकलं म्हणून दुसरीत मुलाला नवं काहीतरी शोधावं लागलं.

२३ मार्च, रविवार

उद्या कोर्ट. घरी सोडताना वर्षभरासाठी एक समाजसेवक नेमतात, आठवड्याला भेटायचं. कोण हवं ते न्यायाधीश मुलालाच विचारतात. बाई की मी. बायकोकडून शर्टाला इस्त्री करून घेतली. तिने विचारलं, त्याने बाईंचं नाव घेतलं तर? मी म्हटलं, घेऊ दे, मला काय. रात्री जेवण गेलं नाही.

२४ मार्च, सोमवार

न्यायाधीशांनी विचारलं. मुलाने क्षणभरही विचार केला नाही. माझ्याकडे बोट केलं. म्हणाला, मला आजोबा द्या.

मी बाईंकडे पाहिलं. मोठ्या मनाने पाहिलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी अर्धा उठलोही, दोन शब्द बोलायला.

न्यायाधीशांनी विचारलं, का रे, आजोबाच का?

मुलगा म्हणाला, त्यांच्याकडे गेलं की आपल्याला काही बोलावं लागत नाही.

कोर्ट हसलं. मावशीसुद्धा. न्यायाधीश म्हणाले, मग तुला ताईच बऱ्या. आणि लिहून घेतलं.

मी अर्धा उठलेला होतो. तसाच थोडा वेळ राहिलो. मग बसलो.

घरी आलो, जेवायला बसलो. बायकोने विचारलं, काय झालं कोर्टात? मी काही बोललो नाही. तिने ताट बाजूला केलं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.